मेलेल्या घोड्याचे मोल

विजयनगरचा राजा साळुव नरसिंह याने घोड्यांच्या सौदागरांना देऊ केलेला दर मी प्रथम वाचला, तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसून राहिलो. होर्मुझ आणि एडनहून गलबतांतून येणारे घोडे राजा हजार परदावांना (परदाव म्हणजे सोन्याचे नाणे) तीन या भावाने घेत असे, मग ते जिवंत असोत वा मेलेले. वाटेत समुद्रावर मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली, तरी जिवंत घोड्याइतकेच सोने सौदागराच्या हाती पडत असे. ही हकीकत लिहून ठेवणारा पोर्तुगीज फेर्नांव नुनिज स्वतः घोड्यांचा व्यापारी होता. तो १५३५ ते १५३७ अशी तीन वर्षे विजयनगरात राहिला. नरसिंहाला जाऊन तेव्हा जवळजवळ अर्धे शतक उलटले होते, तरी या धंद्यातल्या माणसांना तो भाव तोंडपाठ होता, हे मला फार बोलके वाटते.

मेलेल्या घोड्यावर कोणी स्वार होत नाही, त्याच्यामुळे किल्ला पडत नाही, तरीही राजा त्याचे पैसे मोजत होता, कारण त्याला पुढच्या वर्षीचा घोडा हवा होता. एका सफरीत सौदागर बुडाला, तर पुढच्या वर्षी तो दुसरा माल भरेल किंवा दुसऱ्या बंदरात उतरेल, आणि ते दुसरे बंदर शत्रूचे असेल, ही भीती त्या शेपटीच्या किमतीत मिसळलेली होती. दक्षिणेतल्या तीन-चारशे वर्षांच्या लढायांचा हिशेब या एका शेपटीपाशी येऊन थांबतो, असे मला वाटू लागले, आणि तेव्हापासून मी या घोड्यांच्या मागावर आहे.

लहानपणी मिरजेला आजोळी गेलो, की स्टेशनाबाहेरच्या टांग्यांपाशी माझा मुक्काम असे. शेजारी राहणारे टांगेवाले आजोबा रात्री घमेल्यात हरभरे भिजत घालत आणि पहाटे ती चंदी तोबऱ्यात भरून घोड्याच्या तोंडाला बांधत. आत चाललेला कुरकुर आवाज, तोबऱ्याच्या कापडातून बाहेर पडणारी वाफ आणि ओल्या हरभऱ्याचा वास अजून माझ्या आठवणीत आहे. माणसाने आधी जेवायचे नाही, घोड्याने खाल्ल्यावर जेवायचे, हा त्यांचा नेम होता. घोडा ही आपली, या मातीतली गोष्ट आहे, अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती. आपल्या भाषेत तर घोडा पावलोपावली भेटतो. कुठे गंगेत घोडे न्हाते, कुठे कामाचे घोडे पेंड खाते, कुठे वरातीमागून घोडे येते आणि कुणाची खोगीरभरती होते. इतक्या घरोब्याचा हा प्राणी शतकानुशतके परदेशातून, समुद्र ओलांडून, सोन्याच्या मोलाने येत होता, हे समजायला मला वयाची चाळिशी गाठावी लागली.

दख्खनमध्ये आणि त्याच्या दक्षिणेला लढाईच्या जातीचा मोठा घोडा नीट निपजत नसे. हवा दमट, मोकळी कुरणे थोडी, चारा वेगळा आणि पिढ्यान्‌पिढ्या पैदास सांभाळण्याची रीतही कमी, अशी त्याची कारणे आहेत. इथली तट्टे चिवट होती, ओझे वाहत होती, पण चिलखती स्वार पाठीवर घेऊन शत्रूच्या फळीवर तुटून पडणे हे त्यांचे काम नव्हते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने लिहिले, की तमिळ देशातल्या पांड्य राजांच्या मुलखात घोडे तयार होत नाहीत, ते होर्मुझ, कैस, धोफार, शिहर आणि एडन इथून आणावे लागतात आणि वर्षाअखेर त्यांतले फारच थोडे जिवंत राहतात. फारसी इतिहासकार वस्साफ त्याच सुमारास वर्षाला १०,००० घोड्यांचा आकडा देतो, दर घोड्याला २२० सोन्याचे दिनार अशी किंमत सांगतो आणि वाटेत मेलेल्या घोड्याचे पैसेही राजाच्या खजिन्यातून मिळत, असे नोंदवतो. म्हणजे शेपटीचा व्यवहार नरसिंहाच्या आधी दोनशे वर्षे, वेगळ्या राज्यात आणि वेगळ्या रूपात, चालू होता. हे घोडे इथे आल्यावर काय खात, तेही या दोघांनी टिपले आहे. पोलो म्हणतो, शिजवलेला भात आणि मांस. वस्साफ म्हणतो, भाजलेले जव, लोण्यात घोळलेले धान्य आणि उकळलेले दूध. परक्या जनावराला आपल्या स्वयंपाकघरातले उत्तमोत्तम खाऊ घालण्याची ही धडपड आहे, आणि ती वाचताना मला ते घमेले आठवते.

पोलोच्या लिखाणात एक कडवट वाक्यही आहे. घोडे आणणारे सौदागर नालबंद आणि सलोत्री, म्हणजे घोड्यांचे वैद्य, यांना त्या देशात जाऊ देत नाहीत, कारण घोडे मरत राहिले तरच दरवर्षी नवे घोडे खपतील, असे तो म्हणतो. एका प्रवाशाच्या कानावर आलेली ती गोष्ट आहे, पण ज्या गरजेतून ती जन्मली ती गरज खोटी नव्हती. औषध विकणाऱ्याने रोगी बरा होऊ नये असे इच्छावे, इतकी ही गोष्ट जुनी आहे आणि इतकीच ती क्रूर आहे.

हे घोडे येत तरी कसे? होर्मुझच्या गलबतांत लोखंडी खिळा नसे. फळ्यांना भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. एक डोलकाठी, एक शीड आणि एक सुकाणू एवढाच त्यांचा सरंजाम होता. पोलो लिहितो, की या गलबतांना वरचा तक्तपोस, म्हणजे डेक, नसे. माल भरून झाला की त्यावर कातडी अंथरत आणि त्या कातड्यांवर घोडे उभे करत. खाली खजूर आणि इतर माल, मध्ये कातड्यांचा थर, त्यावर चार पायांवर उभी असलेली भेदरलेली जनावरे, वर उघडे आभाळ आणि बाजूला काथ्याने शिवलेल्या फळ्या, हे चित्र मी अनेकदा डोळ्यांसमोर आणून पाहिले आहे. घोड्याला उलटी होत नाही, त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे, त्यामुळे समुद्र लागला तरी माणसाला मिळतो तो सुटकेचा मार्ग त्याला मिळत नाही. पोट फुगते, तो चारा सोडतो आणि एके सकाळी कोसळतो.

मग पाण्याचा हिशेब करून पाहिला. एका घोड्याला दिवसाला कमीत कमी २५ लिटर पाणी लागते. वीस घोडे आणि सहा आठवड्यांची सफर धरली, तर पाणी वीस हजार लिटरच्या वर जाते, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातले दोन मोठे टँकर. वाटेत गुजरातच्या बंदरांत पाणी भरता येत असले, तरी त्या शिवलेल्या गलबतात एवढी पिंपे आणि पखाली ठेवायच्या कुठे, हा प्रश्न नाखव्याला रोज पडत असणार. पाणी कमी पडले की आधी कोणाचे तोडायचे, खलाशांचे की दर घोड्यामागे सोन्याची थैली मिळवून देणाऱ्या जनावरांचे, याचे उत्तर देणे मला अवघड जात नाही आणि म्हणूनच ते मला अस्वस्थ करते.

ज्याच्याकडे घोडे विकत घ्यायला सोने नव्हते, त्याने दुसरी वाट धरली. ठाण्याबद्दल पोलोने लिहिले आहे, की तिथल्या राजाने समुद्री लुटारूंशी करार केला होता: लुटीत जे घोडे सापडतील ते सगळे राजाचे आणि बाकी सगळा माल लुटारूंचा. हिंदुस्थानकडे निघालेले एकही गलबत घोड्यांवाचून येत नाही आणि राजाकडे स्वतःचे घोडे नाहीत, हे कारणही त्याने दिले आहे. हे कृत्य राजाला शोभणारे नाही, असा शेराही त्याने मारला आहे. सोने, रेशीम, मसाले सोडून फक्त घोडा मागणारा तो राजा मला त्या काळच्या निकडीचा सगळ्यांत प्रांजळ साक्षीदार वाटतो.

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर मी रेवदंड्याला गेलो. कुंडलिकेच्या मुखाशी, पलीकडे कोर्लईचा डोंगर आणि मागे चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्या, अशी ती जागा आहे. तिथे एका शाळेच्या आवारात अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचे स्मारक उभे आहे. मुले मधल्या सुट्टीत त्याच्याभोवती शिवाशिवी खेळत होती. व्होल्गा नदीच्या काठच्या त्वेर गावचा हा माणूस वाटेत लुटला गेला, कर्ज झाले म्हणून घरी परतायला लाजला आणि पुढे पुढे सरकत होर्मुझला पोहोचला. तिथून १४७० च्या सुमारास, ईस्टरनंतरच्या आठवड्यात, तो घोडे भरलेल्या गलबतात चढला. मस्कत, गुजरात, खंबायत करत सहा आठवड्यांच्या समुद्रप्रवासानंतर तो चौलला उतरला. त्याच्याबरोबर विकायला आणलेला एकच घोडा होता. हजारो घोड्यांचे आकडे वाचून जे कळले नव्हते, ते मला या एका घोड्याने समजावले.

चौलहून पालीच्या वाटेने घाट चढून, तीन आठवड्यांहून अधिक चालून, तो जुन्नरला पोहोचला तेव्हा पाऊस लागला होता. चारी महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे त्याने लिहिले आहे. जुन्नरकर आजही त्यात काही बदल सुचवणार नाहीत. घोडा धडधाकट पोहोचला याबद्दल त्याने देवाचे आभार मानले आणि त्याला इथवर आणायला शंभर रूबल लागले, हेही टिपून ठेवले. घोड्यांना इथे वाटाणे आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी देतात, हेही त्याने लिहिले आहे. मग जुन्नरचा सुभेदार असदखान याने तो घोडा ओढून नेला. हा परका माणूस मुसलमान नाही हे त्याला कळले होते. धर्म बदल, घोडा परत देतो आणि वर हजार मोहरा देतो. न बदललास तर घोडा गेला आणि तुझ्याकडूनच हजार मोहरा घेतो, असे सांगून त्याने चार दिवसांची मुदत दिली. निकितिन रडला, त्याने देवाचा धावा केला, आणि मुदतीच्या आतच खोरासानहून आलेला मुहम्मद नावाचा एक खजिनदार तिथे पोहोचला. निकितिनने त्याचे पाय धरले आणि त्याने रदबदली करून घोडा सोडवून दिला. दोघेही मुसलमान, दोघेही परदेशातून दख्खनमध्ये नशीब काढायला आलेले. एकाने ओरबाडले आणि दुसऱ्याने परत मिळवून दिले. तो घोडा बहमनी मुलखाच्या दृष्टीने लढाईचे सामान होता आणि निकितिनच्या दृष्टीने त्याची होती नव्हती ती सगळी पुंजी होती.

असदखान ज्या धन्याचा चाकर होता, तो महमूद गावान स्वतः इराणच्या गीलान प्रांतातून व्यापारी म्हणून आला होता आणि मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, हा किताब मिरवत बहमनी राज्याचा वजीर झाला होता. १४७२ साली त्याने विजयनगरकडून गोवा जिंकून घेतला. या विजयाचे मोठे मोल हे, की घोडे उतरण्याचे एक उत्तम बंदर शत्रूच्या हातून गेले आणि आपल्या हाती आले. मग विजयनगरची भिस्त होन्नावर आणि भटकळवर राहिली. तिथले मुसलमान व्यापारी घोडे बहमन्यांनाही विकतात, या रागाने विजयनगरच्या राजाने १४७९ च्या सुमारास त्यांची कत्तल करवली, असे पोर्तुगीज इतिहासकार बारोश लिहितो. जे वाचले ते पळून गोव्याला गेले. राजाच्या हे ध्यानात आले नसेल का, की त्याने मारलेल्या माणसांबरोबर त्याचे घोडेही गोव्याला गेले? साळुव नरसिंहाचा मेलेल्या घोड्याचा भाव या घटनेनंतर थोड्याच वर्षांनी येतो. या दोन गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या आहेत, असे मी मानतो. बिथरलेल्या सौदागरांना परत बोलवायचे तर त्यांना तसाच भरवसा द्यावा लागणार होता.

पोर्तुगीजांनी हे सगळे फार लवकर ओळखले. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अफोंसो द अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा कायमचा घेतला आणि होर्मुझहून निघणारी घोड्यांची गलबते गोव्यातच उतरली पाहिजेत असा आग्रह धरला. समुद्रावर त्यांचा परवाना नसलेले गलबत पकडले जाई. गोव्याच्या बंदरात दर घोड्यामागे ४० च्या आसपास नाणी जकात पडू लागली. एका बाजूला विजयनगर आणि दुसऱ्या बाजूला विजापूर, दोघांनाही घोडे हवेत आणि ते दुसऱ्याला मिळू नयेत, अशी ती स्थिती होती. १५१४ मध्ये कृष्णदेवरायाने हजार घोड्यांच्या खरेदीचा हक्क आपल्या एकट्याला मिळावा म्हणून मोठी रक्कम देऊ केली. अल्बुकर्कने ती नाकारली, कारण एकाला दार बंद केले की दुसऱ्याच्या खिशातून येणारे पैसे बंद होणार होते. ज्यांच्या तोलाची फौज युरोपातल्या राजांकडेही क्वचितच असेल, ते दोन बलाढ्य राजे मांडवीच्या तीरावरच्या एका परक्या अधिकाऱ्याच्या होकाराची वाट पाहत होते. त्यांच्यापैकी एकानेही घोड्यांसाठी स्वतःचे आरमार उभे केले नाही. हे मला आजही सलते.

पुढची गोष्ट तर कोकणातून जाते. नुनिज सांगतो, की कृष्णदेवरायाने एका मुसलमान व्यापाऱ्याला, ज्याला तो सिदे मेरकार म्हणतो, ४०,००० परदाव देऊन घोडे आणायला गोव्याला पाठवले. हा माणूस गोव्याला न पोहोचता फोंड्याला गेला आणि तिथून आदिलशहाच्या आश्रयाला गेला. रायाने माणूस आणि पैसे परत मागितले. आदिलशहाने त्याला दाभोळला पाठवून दिले आणि तिथून तो नाहीसा झाला. घोडे तर आले नाहीतच, पण हे निमित्त होऊन कृष्णदेवरायाने फौज बाहेर काढली आणि १९ मे १५२० रोजी रायचूरपाशी आदिलशहाचा मोठा पराभव केला. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधला रायचूरचा दुआब हे जुने दुखणे होतेच, युद्ध कधी ना कधी झाले असते. तरीही ते पेटले ते घोड्यांच्या पैशांवरून. आणि रायचूरच्या किल्ल्याच्या वेढ्यात तटावरच्या शिपायांना नेम धरून टिपणारे जे वीस पोर्तुगीज बंदूकधारी होते, त्यांचा नायक क्रिस्तोव्हांव द फिगैरेदु हाही विजयनगरात घोड्यांच्या व्यापारासाठीच आला होता.

१९ सप्टेंबर १५४७ रोजी विजयनगरला हवा होता तसा तह अखेर झाला. गोव्यात उतरणारे घोडे विजयनगरलाच विकायचे, विजापूरला नाही, असे पोर्तुगीजांनी मान्य केले. आणि विजयनगरने आपल्या मुलखातला सोरा आणि लोखंड आदिलशाहीत जाऊ द्यायचे नाही, असे कबूल केले. सोऱ्याशिवाय तोफेची दारू होत नाही. एकाच कागदावर घोडा आणि दारू यांची अदलाबदल झालेली पाहिली, की युद्धाची पद्धत बदलत चालली होती हे लक्षात येते. पण वर्षभरातच पोर्तुगीजांनी विजापूरशीही तह केला. १५६५ च्या जानेवारीत तालिकोटच्या रणात विजयनगर कोसळले आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक गेल्यामुळे गोव्याचा घोड्यांचा व्यापारही ओसरू लागला.

त्यानंतरच्या शतकात शिवाजी महाराजांच्या फौजेत घोडा स्वतःचा असेल तो शिलेदार आणि सरकारी पागेतला असेल तो बारगीर, असा फरक होता आणि दोघांचा मानपानही त्यावरूनच ठरत असे. घोडा कोणाच्या मालकीचा, या प्रश्नाने माणसाची जागा ठरावी इतकी त्याची किंमत तेव्हाही होती. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टे अरबी रक्त मिसळून तयार झाली आणि मराठ्यांच्या दौडींना पुरून उरली. काथ्याने शिवलेल्या गलबतांतून उतरलेल्या त्या जनावरांचे काही थेंब त्या रक्तात आहेत, असे मला मनापासून वाटते.

निकितिन जुन्नरहून पुढे बीदरला गेला. तिथे त्याने खोजा युसूफ खोरासानी हे नाव घेतले होते. अळंदच्या जत्रेला वीस हजार घोडे विक्रीला येतात, असे त्याने लिहिले आहे. त्याचा एकच घोडा विकायला मात्र त्याला जवळजवळ वर्ष लागले. नाताळच्या सुमारास तो बीदरमध्ये विकला गेला. आपल्या देशात नेण्यासारखा माल इथे काही नाही, मला खोटे सांगून पाठवले, अशी तक्रार त्याने केली आहे. परतीच्या वाटेवर, स्मोलेन्स्कला पोहोचण्याआधीच तो वारला आणि त्याच्या वह्या मॉस्कोला पोहोचल्या. त्या वह्यांत त्या घोड्याबद्दलचा शेवटचा हिशेब आहे: याला मी वर्षभर पोसले आणि त्यावर अडुसष्ट नाणी खर्ची पडली. घोडा कितीला विकला, ते त्याने लिहिलेले नाही.